तांत्रिक पुस्तिकांसाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर: साहेबांना कसे पटवून द्यावे?

सारंगा

नमस्कार. चाकण परिसरात पॅकेजिंगची यंत्रे बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी गेली ७ वर्षे तांत्रिक लेखनाचे काम करते. आमच्या विभागात माझ्यासह ३ जण आहेत आणि १४ यंत्रांच्या वापर व देखभाल पुस्तिका आम्ही सांभाळतो. मूळ मजकूर इंग्रजीत असतो. युरोपात जाणाऱ्या ९ यंत्रांच्या पुस्तिका बाहेरच्या संस्थेकडून जर्मन, फ्रेंच आणि पोलिश भाषांत करून घेतल्या जातात, तर देशातल्या ग्राहकांसाठी ऑपरेटरपुरता भाग आम्हीच मराठी आणि हिंदीत उतरवतो. हे सगळे आजही साध्या वर्डप्रोसेसरमध्ये चालते. प्रत्येक यंत्राची वेगळी फाईल, प्रत्येक भाषेची आणखी एक फाईल, आणि फाईलच्या नावापुढे तारीख.

गेल्या पावसाळ्यात डिझाइन विभागाने सीलिंग जॉ (पाकीट दाबून बंद करणारा जबडा) धरून ठेवणाऱ्या बोल्टचा टॉर्क, म्हणजे तो किती जोराने आवळायचा ते माप, बदलले. हा जोडभाग ११ यंत्रांत वापरला जातो, म्हणून तोच परिच्छेद ११ पुस्तिकांत होता. आम्ही १० ठिकाणी दुरुस्ती केली. अकराव्या पुस्तिकेत तो मजकूर परिशिष्टात आणि थोड्या वेगळ्या शब्दांत लिहिलेला होता, त्यामुळे शोधताना तो सापडलाच नाही. ग्राहकाच्या फिटरने आमची पुस्तिका उघडली, तिच्यात लिहिल्याप्रमाणे बोल्ट आवळला आणि काही आठवड्यांनी जॉ सैल झाला. यंत्र दीड दिवस बंद राहिले आणि आमच्या सर्व्हिस इंजिनिअरला हातातले काम सोडून तिकडे जावे लागले. कोणाला इजा झाली नाही. त्या फिटरचे काहीही चुकले नव्हते. त्याने आमच्या शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

त्यानंतर मी तांत्रिक लेखनासाठी असलेल्या सॉफ्टवेअरची रीतसर मागणी केली. सोबत ३ सॉफ्टवेअरांची तुलना करणारा ६ पानांचा तक्ता जोडला. साहेबांनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, की लिहिण्यासाठी सॉफ्टवेअर आपल्याकडे आहे, त्याचे पैसे आपण दरवर्षी भरतो, मग लिहिण्यासाठीच आणखी एक कशाला? मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. साहेब मुद्दाम अडवणारे नाहीत, योग्य ठिकाणी खर्च करताना मी त्यांना पाहिले आहे.

आता मी मागच्या ३ महिन्यांची नोंद काढली आहे. ११ बदलसूचना आल्या आणि त्यांच्यामुळे ६६ जागी दुरुस्त्या कराव्या लागल्या. जागा शोधणे, मजकूर बदलणे, अनुक्रमणिका आणि आतले संदर्भ ताजे करणे, पीडीएफ काढून तपासणे हे सगळे धरून एका दुरुस्तीला सरासरी २५ मिनिटे लागली, म्हणजे एकूण साडेसत्तावीस तास. हा आकडा घेऊन पुन्हा साहेबांकडे जावे का? ज्यांनी अशी मागणी मंजूर करून घेतली आहे, किंवा ज्यांच्याकडे अशा मागण्या येतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

घाटमाथा

सारंगा, मी लेखक नाही. एका कारखान्यात विभागप्रमुख आहे आणि अशा मागण्यांवर सही करणे किंवा त्या परत पाठवणे हा माझ्या कामाचाच भाग आहे, म्हणून सही करणाऱ्याला काय दिसते ते लिहितो.

साडेसत्तावीस तास म्हणजे तिमाहीत एका माणसाचे साडेतीन दिवस. हा आकडा एकटाच आला तर मीही मागणी परत पाठवीन. ३ परवाने, प्रशिक्षण, जुना मजकूर नव्या साच्यात आणण्याचे काही महिन्यांचे काम, आणि त्याच्या बदल्यात साडेतीन दिवस, हा हिशेब जुळत नाही. शिवाय वाचलेल्या तासांचा पगार कंपनीला परत मिळत नसतो. त्या वाचलेल्या वेळात आज अडून राहिलेले कोणते काम होणार आहे, हे नाव घेऊन सांगता आले तरच त्या तासांना किंमत येते.

पण माझ्या मते तुम्ही मोजमाप चुकीच्या जागी थांबवले आहे. तो परिच्छेद तुमच्या टेबलावरून निघाल्यावर पुढे कुठे कुठे जातो, त्याच्या मागे जा. भाषांतराचे बिल खरेदी विभागातून मागवा आणि त्यात शब्दांचे किती व पानांच्या मांडणीचे किती, हे वेगळे करून पाहा. डिस्पॅच विभागाला विचारा, की यंत्र तयार असून केवळ पुस्तिकेसाठी थांबले असे वर्षभरात किती वेळा घडले. अनेक निर्यात करारांत शेवटचा हप्ता कागदपत्रे पोचल्यावरच मिळतो. तुमच्या करारांत तसे कलम आहे का, ते विक्री विभाग सांगेल. आणि सर्व्हिस विभागाकडे भेटींचे अहवाल असतात, त्यांत पुस्तिकेतली माहिती जुनी निघाल्याचे किती शेरे आहेत ते मोजा. हे आकडे तुमचे नसतील, दुसऱ्या विभागांचे असतील. म्हणूनच त्यांना वजन राहील, कारण स्वतःच्या त्रासाचा हिशेब प्रत्येक विभाग मांडतच असतो.

साहेबांचा प्रश्नही मला रास्त वाटतो. तुम्ही 'लिहिण्याचे सॉफ्टवेअर' मागितले, म्हणून त्यांनी 'लिहिण्याचे आहे की' असे उत्तर दिले. तुमची अडचण लिहिण्याची नाही, साठवण्याची आहे. एकच बेअरिंग ११ यंत्रांत बसत असेल तर कारखान्यात त्याचे ड्रॉइंग ११ वेळा काढत नाहीत. त्याला एक पार्ट नंबर असतो, ११ यंत्रांच्या बिल ऑफ मटेरियलमध्ये (लागणाऱ्या भागांच्या यादीत) तो नंबर येतो, आणि ड्रॉइंग बदलले की ते सगळ्यांसाठी एकदाच बदलते. तुमच्या परिच्छेदाला पार्ट नंबर नाही, एवढीच गोष्ट आहे. यंत्रे बनवणाऱ्या माणसाला हे एका वाक्यात समजते. त्याला ६ पानी तक्ता लागत नाही.

ओवी

घाटमाथा यांनी दिलेली पार्ट नंबरची उपमा नुसती समजावण्यापुरती नाही, ही सॉफ्टवेअरे प्रत्यक्षात तशीच चालतात. त्यांच्यात पुस्तिका ही एक सलग फाईल नसते. 'बोल्ट आवळणे' ही एक कृती, 'सीलिंग जॉ कसा काम करतो' ही एक संकल्पना, 'टॉर्कचा तक्ता' हा एक संदर्भ, असे छोटे स्वतंत्र घटक असतात आणि कोणत्या पुस्तिकेत कोणते घटक कोणत्या क्रमाने घ्यायचे हे सांगणारी वेगळी यादी असते. ही यादी म्हणजे पुस्तिकेचे बिल ऑफ मटेरियलच. घटकाच्या आतही अटी घालता येतात, उदाहरणार्थ हे वाक्य फक्त सर्व्हो ड्राइव्ह असलेल्या यंत्रासाठी, ही पायरी फक्त सर्व्हिस इंजिनिअरच्या प्रतीसाठी.

या रचनेचे सर्वांत प्रचलित प्रमाण म्हणजे डिटा. ते आयबीएममध्ये तयार झाले, नंतर ओॲसिस या प्रमाणसंस्थेकडे देण्यात आले, २००५ मध्ये अधिकृत प्रमाण म्हणून मान्य झाले आणि त्याची १.३ ही आवृत्ती २०१५ मध्ये आली. प्रमाण खुले आहे, हे साहेबांना आवर्जून सांगा. उद्या विक्रेता बदलावा लागला तरी मजकूर एक्सएमएलमध्ये (खुणा घातलेल्या साध्या मजकुराच्या फाईलींत) तुमच्याकडेच राहतो आणि दुसऱ्या साधनात उघडता येतो. विक्रेत्याच्या दावणीला बांधले जाण्याची भीती प्रत्येक व्यवस्थापकाला असते, तो बोलून दाखवो अथवा न दाखवो.

साधनांबद्दल थोडक्यात लिहिते. अडोबी फ्रेममेकर हे सर्वांत जुने, मूळ १९८६ चे. मोठ्या, सलग, छापील पुस्तिकांसाठी त्याचे नाव आहे आणि डिटातही ते काम करते. मॅडकॅप फ्लेअरची स्वतःची पद्धत आहे. ते घटक एक्सएचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांच्या भाषेत, ठेवते आणि त्यातून वेबवरची मदत व पीडीएफ दोन्ही निघतात. ऑक्सिजन हे रोमानियातल्या सिंक्रो सॉफ्टचे, डिटासाठी मला सर्वांत सोयीचे वाटलेले. आणि डिटातून पीडीएफ किंवा वेबपाने काढणारे डिटा ओपन टूलकिट हे विनामूल्य व मुक्तस्रोत आहे, पण त्याचा पानाचा साचा आपल्याला हवा तसा बसवायला तांत्रिक माणूस लागतो.

सारंगाताई, तुम्ही तुलनेचा तक्ता बाजूला ठेवा. फ्लेअर आणि ऑक्सिजन दोन्हींची ३० दिवसांची चाचणी आवृत्ती मिळते. तोच टॉर्कचा परिच्छेद तिच्यात घ्या, २ पुस्तिकांच्या यादीत जोडा आणि साहेबांसमोर आकडा एकदा बदलून दोन्ही पीडीएफ काढून दाखवा. यापेक्षा अधिक काही दाखवू नका. मी पूर्वी एका ठिकाणी तासभराचे सादरीकरण केले होते आणि ऐकणाऱ्याचे लक्ष पंधराव्या मिनिटाला सुटले होते.

एक इशारा मात्र देते. आम्ही जुन्या मजकुराचे नव्या साधनात स्थलांतर केले तेव्हा एकच सुरक्षासूचना आमच्या पुस्तिकांत १७ वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेली सापडली. त्यांतली कोणती ठेवायची, हे कोणतेही सॉफ्टवेअर ठरवत नाही. त्यासाठी लेखक, डिझाइनर आणि सर्व्हिसचा माणूस असे तिघांना एकत्र बसावे लागते, आणि तो वेळ मागणीत दाखवला नाही तर पुढे तोच वेळ तुमच्यावर आरोप म्हणून येतो.

खडूफळा

ओवी यांचा शेवटचा परिच्छेद प्रत्येकाने पुन्हा वाचावा. मी ज्या कंपनीत होतो तिथे मागणी मंजूर झाली, ४ परवाने आले, २ दिवसांचे प्रशिक्षण झाले, आणि दीड वर्षाने नूतनीकरणाच्या वेळी लक्षात आले, की जुन्या पद्धतीनेच काम चालू आहे आणि नव्या साधनात एकही पूर्ण पुस्तिका गेलेली नाही. चूक साधनाची नव्हती. नव्या यंत्रांची घाई सतत असे आणि जुना मजकूर घटकांत तोडायला कोणाला मोकळा आठवडा मिळाला नाही. त्यानंतर त्या विभागाने काहीही मागितले तरी ऐकून घेणारे कोणी उरले नाही. मंजुरी न मिळण्यापेक्षा मंजूर झालेली वस्तू पडून राहणे अधिक महाग पडते, असे मी त्यातून शिकलो.

म्हणून मी विचारतो, की साध्या वर्डप्रोसेसरमध्ये जे करता येते ते तुम्ही पूर्ण केले आहे का? मथळ्यांच्या शैली सगळ्या फाईलींत एकसारख्या आहेत का? सुरक्षासूचनांचे शब्द एकदा ठरवून त्यांची यादी केली आहे का? कोणता जोडभाग कोणत्या पुस्तिकेत, कोणत्या प्रकरणात आला आहे, याचा एक साधा तक्ता जरी असता, तरी तुमचा अकरावा परिच्छेद सुटला नसता. ही कामे पुढे नवे साधन घ्या अथवा न घ्या, करावीच लागतात, आणि ती झालेली असतील तर स्थलांतराचे अर्धे ओझे उतरते.

सॉफ्टवेअर उत्पादनांच्या पुस्तिका लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. मजकूर मार्कडाउनसारख्या साध्या खुणांत लिहायचा, प्रोग्रामर आपला कोड जसा गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवतात तसाच तो तिथे ठेवायचा, आणि स्फिंक्ससारख्या मुक्तस्रोत साधनाने त्याची पाने तयार करायची. माझ्या सध्याच्या ठिकाणी आम्ही हेच करतो आणि परवान्याचा खर्च शून्य आहे. पण ३ परकीय भाषा, छापील प्रत आणि यंत्राचे अनेक प्रकार असतील, तर ही वाट मी सुचवणार नाही.

देशांतर

मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ, एका यंत्रनिर्मात्याच्या दस्तऐवज विभागात काम करते. सारंगा यांच्यासारख्या कंपन्यांची यंत्रे जिथे येऊन उभी राहतात, तिथून काय दिसते ते लिहिते.

यंत्रासोबत त्या देशाच्या भाषेत सूचना देणे हे इथे सौजन्य समजले जात नाही. सूचनांशिवाय यंत्र कायद्याने पूर्णच होत नाही. सध्याच्या २००६/४२ या युरोपीय निर्देशानुसार उत्पादकाने जबाबदारी घेतलेल्या प्रतीवर 'मूळ सूचना' आणि भाषांतरावर 'मूळ सूचनांचे भाषांतर' असे शब्द छापावे लागतात. त्या निर्देशाच्या जागी येणारा २०२३/१२३० हा नियम २० जानेवारी २०२७ पासून लागू होत आहे, आणि तुमच्या साहेबांना माहीत असायला हवी अशी बाब त्यात आहे. सूचना डिजिटल स्वरूपात द्यायला तो परवानगी देतो, पण त्यासोबत बंधनेही घालतो. त्या कुठे मिळतील हे यंत्रावर नोंदलेले असले पाहिजे, वापरकर्त्याला त्या उतरवून घेता व छापता आल्या पाहिजेत, आणि यंत्राच्या अपेक्षित आयुष्यभर, निदान यंत्र बाजारात आल्यापासून १० वर्षे, त्या ऑनलाइन उपलब्ध राहिल्या पाहिजेत. ग्राहकाने खरेदीच्या वेळी कागदी प्रत मागितली तर ती एका महिन्यात विनामूल्य द्यावी लागेल. सूचना नेमक्या कोणत्या मॉडेलच्या आहेत हेही त्यात स्पष्ट असले पाहिजे.

आता याचा अर्थ पाहा. आज विकलेल्या यंत्राची, त्याच मॉडेलची, बरोबर आवृत्तीची जर्मन पुस्तिका तुम्हाला १० वर्षांनीही दाखवता आली पाहिजे. तारखा लावलेल्या फाईलींच्या फोल्डरातून हे जमवता येईल, नाही असे नाही, पण युरोपात येणारी ९ यंत्रे आणि ४ भाषा धरल्या तर कोणती प्रत कोणत्या यंत्रासोबत गेली हे सांगण्याची जबाबदारी मी तरी अशा फोल्डरावर सोपवणार नाही. खर्च टाळता येतो का, हा प्रश्न बाजूला राहून तो केव्हा करायचा हा प्रश्न इथे समोर येतो, आणि व्यवस्थापकाला तारीख दिसली की विचाराची दिशा बदलते. मात्र कायद्याचा धाक दाखवण्याच्या सुरात हे सांगू नका. मूळ कलम छापून त्यांच्या हाती द्या आणि त्यांना स्वतः वाचू द्या.

भाषांतराबद्दलही थोडे. भाषांतर संस्था पूर्वी केलेली वाक्ये ट्रान्सलेशन मेमरीत साठवतात आणि जुळणाऱ्या वाक्यांना कमी दर लावतात, म्हणून शब्दांचा खर्च तुम्हाला वाटतो तितका वाढत नाही. पण जर्मन मजकूर इंग्रजीपेक्षा लांब होतो, पाने सरकतात, चित्रे पुढच्या पानावर जातात, आणि प्रत्येक भाषेत ती मांडणी पुन्हा हाताने बसवण्याचे पैसे वेगळे लागतात. ओवी यांनी सांगितलेल्या रचनाबद्ध मजकुरात पानाचा साचा एकदा तयार केला की मांडणी सॉफ्टवेअरच करते. बिलातली ती ओळ शोधा.

सारंगा

सर्वांचे मनापासून आभार. मी ३ आठवडे हीच माहिती गोळा करत होते.

भाषांतराच्या गेल्या वर्षीच्या बिलांत पानांच्या मांडणीची रक्कम एकूण रकमेच्या सुमारे एक तृतीयांश निघाली. हे मला ७ वर्षांत माहीत नव्हते, कारण बिले आमच्याकडे येतच नाहीत. डिस्पॅच विभागाने सांगितले, की वर्षभरात २ यंत्रे बांधून तयार असताना जर्मन पुस्तिकेसाठी थांबली होती, एक ९ दिवस आणि दुसरे ४ दिवस. दोन्ही करारांत शेवटचे १० टक्के कागदपत्रांवर अवलंबून होते. सर्व्हिसच्या अहवालांत पुस्तिकेतली माहिती जुनी असल्याचे ५ शेरे सापडले आणि त्यांतले ३ आम्हाला कधी कळवलेलेच नव्हते. सर्व्हिस विभागाचे प्रमुख हे अहवाल चाळताना स्वतःच अस्वस्थ झाले आणि बैठकीला येतो म्हणाले.

खडूफळा यांनी सुचवलेला तक्ता आम्ही केला. तो करायला ४ दिवस लागले आणि तेवढ्यात टॉर्कसारख्या आणखी २ विसंगती सापडल्या. त्या दुरुस्त केल्या आहेत. हे साधन घेण्यापूर्वीच करायला हवे होते, हे मला मान्य आहे.

आता माझी शंका अशी आहे, की सगळे आकडे मांडून ३ परवाने एकदम मागावेत की थोड्यापासून सुरुवात करावी?

तुळई

मी हिशेब विभागात आहे, त्यामुळे माझ्या कक्षेतले तेवढे लिहितो. मागणीत पहिल्या वर्षाची किंमत एकटी देऊ नका. यातली बहुतेक सॉफ्टवेअरे वार्षिक वर्गणीवर असतात आणि दर डॉलरमध्ये असतो, म्हणून ३ वर्षांचा एकत्रित खर्च दाखवा आणि रुपयाचा दर घसरला तर काय, यासाठी थोडी जागा ठेवा. परदेशी विक्रेत्याकडून थेट घेतल्यास १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने कंपनीच भरते आणि सर्वसाधारणपणे तिचा क्रेडिट मिळतो, त्यामुळे तो कर खर्चात धरून आकडा फुगवू नका. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मागण्यांत ही चूक असते. वार्षिक वर्गणी चालू खर्चात जाते, भांडवली खर्चात नाही, आणि अनेक कंपन्यांत या दोन्हींच्या मंजुरीचे अधिकार वेगवेगळ्या माणसांकडे असतात. तुमच्या साहेबांना स्वतःच्या सहीने किती रक्कम मंजूर करता येते, हे आधी विचारून घ्या. त्या मर्यादेत बसणारी मागणी महिन्यात निकालात निघते, वर गेलेली तिमाही संपली तरी येत नाही. आणि मार्चमध्ये जाऊ नका. पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक बांधले जाते त्या वेळी, दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत, मागणी टेबलावर असली पाहिजे.

घाटमाथा

सारंगा, थोड्यापासून सुरुवात करा, पण ते थोडे पूर्ण करून दाखवता येईल असे निवडा. एकाच कुळातली ३-४ यंत्रे घ्या, ज्यांचा बराच मजकूर समान आहे आणि ज्यांची भाषांतरे यंदा होणारच आहेत. सहा महिन्यांनी कोणते २ आकडे पाहून हा प्रयोग यशस्वी की अयशस्वी ठरवायचा, हे मागणीतच लिहून द्या. अयशस्वी ठरला तर परवाने पुढच्या वर्षी घेणार नाही, हेही लिहा. मागणारा माणूस स्वतःहून मोजपट्टी हातात देतो तेव्हा सही करणाऱ्याची भीती कमी होते, कारण उद्या त्याला वरच्याने विचारले तर उत्तर तयार असते.

मागणी एका पानात बसवा. टॉर्कची घटना त्यात ४ ओळींत येऊ द्या, कोणाच्या चुकीची चर्चा न करता. आणि शक्य असेल तर बैठकीत सर्व्हिसच्या प्रमुखांना आधी बोलू द्या.

देशांतर

घाटमाथा यांच्याशी सहमत आहे. त्या एका पानावर 'प्रयोग अयशस्वी ठरल्यास' ही ओळ पाहिली, तर मीही अशा मागणीकडे वेगळ्या नजरेने पाहीन.

सारंगा

काल बैठक झाली, म्हणून लगेच लिहिते आहे.

पान एकच होते. सर्व्हिसच्या प्रमुखांनी ५ शेरे वाचून दाखवले. त्यानंतर मी लॅपटॉपवर टॉर्कचा परिच्छेद उघडला, आकडा बदलला आणि २ यंत्रांच्या पीडीएफ काढल्या. साहेबांनी दोन्हींतली पाने स्वतः उलटून पाहिली आणि म्हणाले, "म्हणजे मजकुराला पार्ट नंबर दिलात." घाटमाथा, हे वाक्य मी अजून उच्चारलेही नव्हते.

त्यानंतर त्यांनी जो प्रश्न विचारला त्याची तयारी माझ्याकडे अर्धवटच होती: उद्या तुम्ही नोकरी सोडलीत तर हे कोण चालवणार? मी म्हणाले, की शिकणारे दोघे असतील, प्रत्येक घटकाचे नाव कसे ठेवायचे आणि तो केव्हा वेगळा करायचा याचे नियम लिहून ठेवले जातील, आणि डिटा हे खुले प्रमाण असल्यामुळे ते येणारे दुसरे लेखकही मिळतात. त्यांनी ते नियम आधी लिहून दाखवा असे सांगितले. म्हणून परवाने येण्यापूर्वी तेच काम करायचे आहे.

मंजुरी मिळाली ती २ परवान्यांना, एका वर्षासाठी, एकाच कुळातल्या ४ यंत्रांपुरती. सहा महिन्यांनी २ गोष्टी पाहिल्या जातील: पानांच्या मांडणीचे बिल किती झाले, आणि एका बदलसूचनेसाठी आम्हाला किती जागी हात घालावा लागला. प्रत्येक आठवड्यात एका लेखकाचे २ दिवस स्थलांतरासाठी राखून ठेवायलाही साहेबांनी होकार दिला, आणि माझ्या दृष्टीने परवान्यांपेक्षा हे मोठे आहे. खडूफळा यांनी त्यांचा अनुभव लिहिला नसता तर मी ते मागितलेच नसते.

ओवी

फार आनंद झाला. आता एक काम परवान्यांची ऑर्डर जाण्यापूर्वी करा. तुम्ही ऑपरेटरचा भाग मराठी आणि हिंदीतही देता असे लिहिले होते. देवनागरीची पीडीएफ चाचणी आवृत्तीतच काढून पाहा, कारण पीडीएफ बनवणारी सगळी साधने जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी सारख्याच काळजीने हाताळत नाहीत. 'स्थिती', 'क्लिष्ट', 'दुसऱ्या', 'यंत्र' असे शब्द असलेले एक पान तयार करा, छापून वाचा, आणि त्याच पीडीएफमध्ये ते शब्द शोधून सापडतात का तेही तपासा. तुमच्या जुन्या मराठी पुस्तिका युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची समान पद्धत) येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतील, आणि रूपांतरानंतर प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागेल. रफार आणि आकडे यांत चुका राहतात, आणि तुमच्या कामात चुकलेला आकडा म्हणजे पुन्हा सैल झालेला जॉ.

सारंगा

ओवी, हे आमच्या कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. आमच्या २०१६ पूर्वीच्या ३ मराठी पुस्तिका जुन्या फाँटमध्येच आहेत. आज दुपारी चाचणी आवृत्तीत एक पान काढले. जोडाक्षरे नीट उमटली, पण छापील पानावर बरोबर दिसणारा 'दुसऱ्या' हा शब्द पीडीएफमध्ये शोधला तर सापडला नाही. विक्रेत्याला नमुन्याचे पान पाठवून लेखी विचारणा केली आहे, आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत ऑर्डर थांबवायला खरेदी विभागाला सांगितले आहे. ज्यांनी डिटातून मराठी पीडीएफ काढली आहे, त्यांनी कोणता फाँट आणि कोणते फॉरमॅटर (मजकुराची पाने जुळवून पीडीएफ बनवणारे साधन) वापरले, ते कृपया इथे लिहावे.